आप्पा काय म्हणाले?

जानेवारीतल्या एका सकाळी पुण्याहून आप्पांच्या मुलीचा फोन आला. आवाज घाबरलेला. "काका, बाबांचं बोलणं काहीच कळत नाहीये हो!"

मी म्हटलं, "बरं."

दुसरं काय म्हणणार? आप्पांचं बोलणं कळत नाही, ही बातमी म्हणजे आमच्या जळगावच्या मेहरूण तलावात पाणी आहे अशी बातमी. मे महिन्यात तलावाची तरी शंका येऊ शकते, आप्पांची बारा महिने येत नाही.

पण मुलगी शिकलेली. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं जड होणं ही पक्षाघाताची लक्षणं, आणि मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे तिला पाठ होतं. पावणेआठला ती वडिलांशी बोलली होती. म्हणजे सव्वाबारापर्यंत मुदत. तिने पुण्यात बसून घड्याळ लावलं आणि मी मेहरूणात रिक्षा बोलावली. रिक्षा येईपर्यंत आप्पा कोण ते सांगतो. पुढे डॉक्टरांनाही आधी तेच सांगावं लागलं.

आप्पा 76 वर्षांचे. आमच्या गल्लीत ते माझ्याही आधीपासून राहतात. म्हणजे प्लॉट पडायच्या आधीपासून, जेव्हा इथे घरं मोजकी आणि बोरीची झाडं बेमोजकी होती. मेहरूणची बोरं खायला माणसं लांबून यायची. आप्पांना लांबून यावं लागलं नाही. थंडीभर त्यांच्या गालात एक बोर असतं. हंगाम सरला की सुपारी, आणि एकादशीला खारीक. लहानपणापासून त्यांचा डावा गाल रिकामा असा कोणी पाहिलेला नाही. ग्रीसमधल्या डेमॉस्थेनिसने तोंडात गोटे धरून उच्चार सुधारले आणि तो मोठा वक्ता झाला, असं प्लुटार्कने लिहून ठेवलंय. आप्पांनी साठेक वर्षं बोर धरलं. गोटा चघळून संपत नाही, बोर संपतं आणि दुसरं घ्यावं लागतं, हा दोघांच्या साधनेतला फरक.

पण बोर हे निमित्त. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं, त्यामुळे आप्पांचा अभ्यास मी व्याकरणाच्या अंगाने केला आहे. न कळणाऱ्या बोलण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. लहान मूल बोबडं बोलतं, तापात माणूस बरळतो, भित्रा चाचरतो, सर्दीवाला गेंगाणा होतो, नवी सून पुटपुटते आणि जुनी झाली की तिची सासू पुटपुटते. यांतला एकही शब्द आप्पांना पुरत नाही, कारण आप्पा सगळं वाक्य खातच नाहीत. सुरुवात खणखणीत असते: "मास्तर, तुमचे ते पाचशे रुपये मी सोमवारी..." इथून आवाज उताराला लागतो, मान डावीकडे कलते आणि वाक्याचं शेपूट मिशीत जिरतं. देतो? देणार होतो? देणार नाही? की दिले?

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' त्याच्याही मागून येतं, हे आप्पांनी फार लवकर ओळखलं असावं. इंग्रजाला नकार मध्येच कुठेतरी बोलून टाकावा लागतो. आपल्याकडे सगळा किमती माल शेवटच्या डब्यात. भुसावळच्या यार्डात डबा सोडवून ठेवावा तसा आप्पा तो डबा सोडवतात आणि गाडी पुढे नेतात. तुम्ही फलाटावर हात हलवत उभे. सोमवार येतो आणि जातो. तुम्ही विचारलंत की आप्पा निरागसपणे म्हणतात, "मी तं सांगितलं व्हतं. तुमाले आयकू नाही आलं तं मी काय करू?"

उलट ज्याच्याकडून येणं असेल, त्याच्याशी बोलताना हा डबा इंजिनाच्या पुढे लागतो. "द्या!" हा शब्द आप्पांच्या तोंडून मी जितका स्वच्छ ऐकला, तितका आकाशवाणीवरही ऐकलेला नाही.

अशा माणसाला नोकरी कोण देणार, असं वाटेल. आप्पांना ती या गुणावरच टिकली. एका सहकारी सोसायटीत ते चिटणिसाच्या हाताखाली होते आणि वार्षिक सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं काम त्यांच्याकडे होतं. विषय क्रमांक 1: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सहकाराशी ज्यांचा संबंध आला त्यांना हे वाक्य गणपतीच्या आरतीइतकं पाठ असतं. आप्पा उभे राहत, चष्मा लावत, तारीख वार स्पष्ट वाचत. मग मधमाश्यांचं पोळं हलवल्यासारखा एक आवाज सुरू होई. पाच मिनिटं, सात मिनिटं. त्या गुंजारवात मागच्या वर्षी कोण कोणावर धावून गेलं, हिशेबावर कोणी हरकत घेतली, हे सगळं असे म्हणतात. शेवटी पोळं शांत होई आणि आप्पा मोठ्याने म्हणत, "सर्वानुमते!" सभा एका आवाजात म्हणे, "मंजूर!" आणि मागच्या रांगा जेवणाच्या मंडपाकडे वळत.

एकदा एका तरुण सभासदाने उभं राहून सांगितलं, की परिच्छेद पुन्हा वाचा, मला कळला नाही. सभागृह चपापलं. आप्पांनी न रागावता पुन्हा वाचला. त्याने तिसऱ्यांदा सांगितलं. आप्पांनी तिसऱ्यांदा वाचला. तोवर मंडपातून कढीचा वास आला होता आणि शेजारचे दोघे त्या सभासदाचा सदरा ओढून त्याला खाली बसवत होते. चेअरमन बदलले, संचालक पडले, चिटणीस तीन झाले. आप्पा निवृत्तीपर्यंत वाचत राहिले. नव्या संचालकांना पहिल्याच महिन्यात समजे, की माणसं पुष्कळ मिळतील, असा आवाज मिळणार नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी सोयरिकी जुळवायला घेतल्या आणि त्यात तर ते चमकले. बोलणी अडतात ती खर्चावर. लग्न कोण लावून देणार? मुलाचे वडील विचारतात, मुलीचे वडील विचारतात, आणि मधे आप्पा. आप्पा गालातलं बोर एकीकडून दुसरीकडे नेतात आणि म्हणतात, "पोर्‌वाले करतीन." पोरीवाले की पोरावाले? तो एक स्वर आप्पांच्या बोराखाली गेलेला असतो. इकडच्यांनी ऐकलं पोरीवाले, तिकडच्यांनी ऐकलं पोरावाले, दोघांनी सुटकेचा श्वास सोडला आणि साखरपुडा झाला. खरं काय ते हळद लागेपर्यंत उघडकीला येत नाही, आणि हळद लागल्यावर कोण मागे फिरतो? मग दोघं निम्मं निम्मं करतात. आप्पांनी जुळवलेल्या सगळ्या लग्नांत खर्च अर्धा अर्धा झाला आहे. समाजसुधारकांनी परिषदा भरवून जे साधलं नाही, ते आप्पांनी एक स्वर गिळून साधलं.

नुकसान झालं नाही असं नाही. एका मार्गशीर्षात आम्ही शेतात भरिताचा बेत ठरवला आणि बामणोदच्या वांग्यांची फोनवरची जबाबदारी आप्पांवर टाकली. हवी होती वीस किलो. 'वीस'मधलं पहिलं व्यंजन मिशीत गेलं तर जे उरतं ते 'तीस'ही असू शकतं. तीसच आली. पऱ्हाट्यांच्या जाळावर आम्ही अंधार पडेपर्यंत वांगी भाजत होतो, आणि पुढचे तीन दिवस गल्लीतल्या प्रत्येक घरी कळण्याच्या भाकरीशी भरीत, पोळीशी भरीत, आणि एका घरी तर म्हणे उपम्यात भरीत.

तर रिक्षा आली.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होते, बाहेरगावचे, तत्पर. त्यांनी आप्पांना खाटेवर बसवलं. "आजोबा, नाव सांगा."

आप्पांनी सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं.

"दोन्ही हात वर करा." झाले. "हसून दाखवा."

आप्पा काहीतरी म्हणाले. वहिनींनी अर्थ सांगितला, "कशापायी, म्हनतात."

डॉक्टर गंभीर झाले. त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि वहिनींना विचारलं, "हे असं बोलणं कधीपासून आहे? नीट आठवून सांगा, वेळ फार महत्त्वाची आहे."

वहिनींनी नीट आठवलं. "लगनापासून."

"म्हणजे?"

"1974. वैशाख."

डॉक्टरांचं पेन थांबलं. साडेचार तासांच्या मुदतीत अर्धं शतक बसत नाही, हे कोणालाही कळेल. त्यांनी आवाज खाली आणला. "आजी, तसं नाही. आज सकाळी बोलण्यात काही फरक पडला का?"

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग प्रामाणिकपणे म्हणाल्या, "आज तं जरा बरंच समजू राह्यलं."

मग डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला सांगितली. जिभेच्या आधी बोराची एक बी आली. तिच्या मागून दुसरी. नर्सने ट्रे पुढे केला. पुण्याच्या मुलीशी पावणेआठला बोलताना आप्पांच्या तोंडात एकाऐवजी दोन बोरं होती, कारण तिची आईच सकाळी वाटीभर आणून ठेवून गेली होती. सगळ्या घटनेचं मूळ त्या दुसऱ्या बोरात.

तरीही डोक्याचा स्कॅन काढला, कारण काढायलाच हवा. या बाबतीत मी डॉक्टरांच्या बाजूचा आहे. दहा वेळा बोर निघालेलं परवडतं, एकदा गुठळी निघाली आणि घरीच बसलो तर परवडत नाही. स्कॅन स्वच्छ निघाला. घरी सोडतानाच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं: स्लर्ड स्पीच, 1974 पासून, पत्नीच्या सांगण्यानुसार.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण संध्याकाळी आप्पा तो कागद घेऊन माझ्या दारात. आत आले, उभ्या उभ्याच म्हणाले, "मास्तर, त्या डॉक्टरनं मले शिवी देली!"

कर्ता, कर्म, क्रियापद. शेवटचा डबा जोडलेला. पन्नास वर्षांच्या ओळखीत इतकं पूर्ण वाक्य मी त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं.

नातवाच्या मोबाइलवर त्यांनी 'स्लर' शब्दाचा अर्थ पाहिला होता आणि समोर आलं होतं: अपमान, कलंक, जातीवरून किंवा वंशावरून दिलेली शिवी. मी शब्दकोश काढला. शब्दकोश हा मास्तरांचा स्टेथोस्कोप, उपयोग होवो न होवो, गळ्यात असावा लागतो. आप्पांना खुर्चीत बसवलं आणि अर्थ सांगत गेलो.

स्लर म्हणजे अक्षरं एकमेकांत मिसळून अस्पष्ट बोलणं. हा तुमचा. आप्पांनी मान हलवली, नाराजीने. इंग्रजीतल्या जुन्या बोलींत स्लर म्हणजे पातळ चिखल. चिखल अंगावर उडाला की डाग, डाग चारित्र्यावर पडला की कलंक, आणि तिथून शिवी. छापखान्यात कागद जरा सरकला आणि अक्षराला सावली आली, की तोही स्लर. आप्पांना हे पटलं, त्यांची स्वतःची लग्नपत्रिका तशीच छापली गेली होती म्हणे. की दुसऱ्या कोणाची. नक्की ऐकू आलं नाही.

मग फाशांचा अर्थ आला. सोळाव्या-सतराव्या शतकातले इंग्रज जुगारी फासा खुळखुळवून टाकण्याऐवजी असा अलगद घसरवत, की तो उलटू नये आणि हवं तेच दान पडावं. त्या लबाडीचं नाव स्लर. मी वर पाहिलं. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. 'पोर्‌वाले' मलाही आठवले आणि त्यांनाही आठवले असावेत.

फाशांवरून मला महाभारत सुचलं, मास्तरांना सुचतंच. शकुनीचे फासे सगळ्यांना माहीत असतात, पण त्या ग्रंथातलं सगळ्यात महागडं पुटपुटणं धर्मराजाचं आहे. अश्वत्थामा मेला, हे मोठ्याने. हत्ती, हे तोंडातल्या तोंडात. द्रोणाचार्यांना पहिलं ऐकू आलं, दुसरं नाही, आणि त्यांनी शस्त्र खाली ठेवलं. तोवर युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालत असे, तो त्या क्षणी खाली टेकला. मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते बाहेर लावलेल्या आपल्या लूनाकडे बघून काहीतरी म्हणाले. बहुतेक, माझी आधीपासूनच टेकलेली आहे, असं.

शिवीचा अर्थ मात्र त्यांच्या मनातून जाईना. आणि खरं सांगायचं तर तो माझ्याही मनातून जात नाही. न कळणारं बोलणं आणि शिवी यांचं एकाच शब्दात राहणं ही एकट्या इंग्रजीची खोड नाही. संस्कृतात म्लेच्छ या धातूचा धातुपाठातला अर्थच मुळी अस्पष्ट बोलणं असा आहे. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो म्लेच्छ. ग्रीकांना परक्यांचं बोलणं बर-बर ऐकू आलं, त्यांनी त्यांना बार्बारोस म्हटलं. पतंजलीच्या महाभाष्यात असुरांची गोष्ट आहे: शत्रूंना हाक मारताना त्यांनी 'र'च्या जागी 'ल' म्हटला आणि ते हरले. मी हे वर्गात शिकवायचो तेव्हा मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "सर, मग आपन तं 'ळ'ले 'य' म्हनतो. आपलं काय व्हईन?"

आपलं काय होईल! एकदा शाळेत बाहेरगावचे एक साहेब तपासणीला आले. त्यांनी मुलाला विचारलं, गाव कोणतं? मुलगा म्हणाला, जयगाव. साहेब हसले आणि मला म्हणाले, यांचे उच्चार फार अस्पष्ट आहेत हो. अस्पष्ट? त्या पोराने केळीला केयी म्हटलं, डोळ्याला डोया म्हटलं, काळ्याला काया म्हटलं, एकदाही चुकला नाही. जो नियम इतका काटेकोर पाळला जातो तो अस्पष्ट कसा? इथून जवळच असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाईंनी याच बोलीत गाणी रचली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या 1951 साली गेल्या, आणि पुढच्या वर्षी ती गाणी पुस्तकरूपाने आली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना त्यांतला प्रत्येक 'य' स्वच्छ ऐकू आला. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात तर 1907 सालच्या खंडात खानदेशीला शीर्षकातच जागा आहे. शाळेत साहेब जे बोलले तो 'स्लर'चा दुसरा अर्थ होता, शिवीचा, पहिला नव्हे. मी तेव्हा त्यांना काय उत्तर दिलं? सांगायला लाज वाटते. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटलो. नोकरीत नवा होतो.

हे मी आप्पांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, की या शब्दाला एखादा बरा अर्थ आहे का. म्हणजे, त्यांच्या भुवयांवरून मला तसं वाटलं.

आहे. संगीतातला. पाश्चात्त्य स्वरलिपीत दोन-तीन स्वरांवर एक कमान काढतात. ते स्वर तोडायचे नाहीत, एकातून दुसऱ्यात अखंड न्यायचे. त्या कमानीचं नाव स्लर. आपल्याकडे भातखंड्यांच्या स्वरलिपीत मींड दाखवायला स्वरांवर अशीच कमान असते. म्हणजे डॉक्टरने इंग्रजीत लिहिलं तर दोष, आणि गवयाने घेतली तर मींड. मी आप्पांना कागदावर कमान काढून दाखवली. आमच्या जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. आप्पांनी तिथे हिवाळ्याच्या रात्री मफलर गुंडाळून कितीतरी मैफली ऐकल्या आहेत. त्यांनी ती कमान बोटाने दोनदा गिरवली. मग हॉस्पिटलचा कागद उघडला, 'स्लर्ड'वर माझ्याच पेनाने तशीच एक कमान काढली आणि घडी घालून खिशात ठेवला.

मी म्हटलं, "आप्पा, तरी तुमच्या मनात असेल तर उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ. तो शब्द बदलून मागू."

आप्पांनी मान डावीकडे कलती केली आणि काहीतरी म्हणाले.

मला ऐकू आलं, "जाऊ द्या."

स्वयंपाकघरातून माझ्या बायकोला ऐकू आलं, "चहा द्या."

चहा आला. आप्पांनी बशीत ओतला, फुंकर घातली, संपवला. निघताना दारात थांबून माझ्याकडे वळले आणि अगदी मनापासून म्हणाले, "मास्तर, तुमचे ते पाचशे रुपये मी सोमवारी..."